विश्लेषण : रेडिओची खरखर कोणी हरवली? एडविन आर्मस्ट्राँग आणि आजचा सॉफ्टवेअर रेडिओ

पेन ड्राइव्हएवढे एक उपकरण लॅपटॉपला किंवा फोनला जोडायचे, त्याला छोटी अँटेना लावायची आणि एफएम केंद्रांपासून विमानांच्या संदेशांपर्यंत बरेच काही पडद्यावर पाहायचे, ऐकायचे. ‘सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ’ म्हणजेच एसडीआर हे तंत्र आता काही हजार रुपयांत हौशी मंडळींच्या हाती आले आहे. पण नवा एसडीआर घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी दोन अडचणी भेटतात. दूरचे केंद्र खरखरते. खरखर कमी करण्यासाठी ‘गेन’ वाढवला, की जिथे कोणतेच केंद्र नाही तिथेही गाणी ऐकू येऊ लागतात. पहिली अडचण गोंगाटाची, दुसरी अरेषीय विरूपणाची. या दोन्हींशी आयुष्यभर झुंजलेल्या अमेरिकी अभियंत्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. आजचा एसडीआर समजून घ्यायचा तर त्यांच्या आयुष्याचा मागोवा घ्यावा लागतो.

गोंगाट आणि विरूपण यांत फरक काय?

गोंगाट बाहेरून येतो, तसा आतूनही. वीज चमकली, शेजारची मोटर सुरू झाली, गाडीच्या स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडली, की त्याच्या लहरी रेडिओत शिरतात. शिवाय प्रत्येक तारेत, प्रत्येक रोधकात इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अस्ताव्यस्त हलत असतात. त्यामुळे निर्माण होणारा गोंगाट बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा गोंगाट शून्य करता येत नाही.

विरूपणाची गोष्ट वेगळी. आत येणारा संदेश दुप्पट झाला आणि बाहेर पडणाराही नेमका दुप्पट झाला, तर ते उपकरण ‘रेषीय’. पण कोणतेही उपकरण एका मर्यादेपर्यंतच रेषीय असते. मर्यादा ओलांडली की लहरीचा माथा चपटा होतो आणि मूळ संदेशात नसलेल्या नव्या वारंवारता तयार होतात. थोडक्यात, गोंगाट संदेशाला बुडवतो, तर विरूपण खोटे संदेश जन्माला घालते. एकाला टाळायला जावे तर दुसऱ्याच्या तावडीत सापडावे, अशी ही गाठ आहे.

आर्मस्ट्राँग कोण होते?

त्यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकी शाखेत काम करत, तर आई पूर्वी शिक्षिका होती. लहानपणी मोठ्या आजारपणामुळे त्यांची शाळा दोन वर्षे सुटली. चेहरा आणि खांदा मध्येच आचके देई. ती खूण आयुष्यभर राहिली. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहायला गेले. किशोरवयात मार्कोनींच्या पराक्रमाच्या गोष्टी वाचून या मुलाने वायरलेसचा ध्यास घेतला. घराच्या अंगणात त्याने स्वतःच्या हाताने सुमारे १२५ फूट उंच अँटेना उभारली आणि तिच्यावर तो बिनधास्त चढत असे. उंचीची ही आवड कधी सुटली नाही.

१९०९ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकायला लागले. मायकेल प्युपिन हे त्यांचे प्राध्यापक. पुस्तकात लिहिले आहे म्हणून मान्य करायचे नाही, मोजून पाहायचे, ही त्यांची सवय तिथेच पक्की झाली. हीच सवय पुढे त्यांच्या यशाचे कारण ठरली.

पहिला शोध कोणता?

त्या काळी ली डी फॉरेस्ट यांची ‘ऑडिऑन’ ही व्हॅक्यूम ट्यूब उपलब्ध होती, पण ती नेमकी कशी चालते हे खुद्द डी फॉरेस्ट यांनाही नीट सांगता येत नव्हते. आर्मस्ट्राँग यांनी तिची पद्धतशीर मोजमापे घेतली. १९१२ मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्यांनी ट्यूबमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग पुन्हा तिच्या तोंडाशी, त्याच तालात, आणून सोडला. तो पुन्हा मोठा झाला, पुन्हा आत गेला आणि संदेश कित्येक पटींनी वाढला. हेच ‘रिजनरेशन’. हे प्रमाण आणखी वाढवले की ट्यूब स्वतःच लहरी निर्माण करू लागे. म्हणजे एकाच मंडलात उत्तम ग्राहकही होता आणि प्रक्षेपकही.

पेटंटसाठी पैसे नव्हते. वडील म्हणाले, आधी पदवी घे. अखेर ३१ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी मंडलाच्या आकृतीवर नोटरीची मोहोर घेतली. पेटंटचा अर्ज मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर गेला. ही दिरंगाई पुढे महागात पडली.

जानेवारी १९१४ मध्ये न्यू जर्सीतील बेल्मार येथे एका लाकडी खोलीत त्यांनी आपला ग्राहक मार्कोनी कंपनीतील एका तरुण अधिकाऱ्याला दाखवला. दोघांनी रात्रभर बसून दूरदेशीचे संदेश ऐकले. तो अधिकारी म्हणजे डेव्हिड सार्नॉफ, पुढे आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीचे प्रमुख. त्यांची मैत्री अनेक वर्षे टिकली.

रिजनरेशनला मर्यादाही होती. संवेदनशीलता वाढवावी तसे मंडल शिट्टी मारण्याच्या काठावर जाई आणि जरा हात सरकला की स्वतःच लहरी सोडून शेजाऱ्यांचे रेडिओ बिघडवी. गोंगाटावर मात करताना उपकरण त्याच्या मर्यादेपलीकडे ताणले की काय होते, याचा हा पहिला धडा होता.

सुपरहेटरोडाइन म्हणजे काय?

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये अधिकारी म्हणून पॅरिसला गेले. त्या काळच्या ट्यूब उच्च वारंवारतेचे क्षीण संदेश वाढवू शकत नव्हत्या. १९१८ मध्ये त्यांनी वेगळी वाट काढली. वाढवणे जमत नसेल, तर आधी संदेशच खालच्या वारंवारतेवर आणावा.

एक उदाहरण घेऊ. येणारा संदेश १५०० किलोहर्ट्झचा आहे. रेडिओच्या आतच १९५५ किलोहर्ट्झची लहर तयार करून दोन्ही एकत्र मिसळल्या, तर त्यांच्या वजाबाकीची, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झची लहर मिळते आणि मूळ संदेश तिच्यावर जसाच्या तसा बसलेला असतो. केंद्र कोणतेही असो, आतली लहर बदलून प्रत्येकाला याच एका वारंवारतेवर आणायचे. मग गाळणी आणि वर्धक एकाच वारंवारतेसाठी नेटके बनवता येतात.

इथे कळीचा मुद्दा असा, की दोन लहरी नुसत्या एकत्र केल्याने वजाबाकी मिळत नाही. त्यासाठी अरेषीय घटकच लागतो. ज्या गुणधर्मामुळे खोट्या वारंवारता निर्माण होतात, तोच गुणधर्म इथे मुद्दाम, हव्या त्या ठिकाणी वापरला आहे. पण त्याची किंमतही मोजावी लागते. १९५५ च्या पलीकडे तितक्याच अंतरावरचे, म्हणजे २४१० किलोहर्ट्झचे केंद्रही ४५५ वरच येऊन बसते. म्हणून मिसळण्याआधी गाळणी लावणे भाग पडते.

या शोधाचे श्रेय एकट्याचे नाही. दोन लहरी मिसळण्याची कल्पना रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी आधीच मांडली होती. फ्रान्सचे ल्युसियाँ लेव्ही आणि जर्मनीचे वॉल्टर शॉट्की हेही त्याच सुमारास याच वाटेवर होते आणि पुढे अमेरिकेतील पेटंटमधले बरेच दावे लेव्ही यांच्याकडे गेले. मात्र आर्मस्ट्राँग यांनी ती प्रत्यक्ष चालणारी, वापरण्याजोगी पद्धत बनवली. १९२० मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने त्यांची पेटंट ३,३५,००० डॉलरला घेतली. दोन वर्षांनी आणखी एक शोध आरसीएला विकून ते तिचे मोठे भागधारक झाले. १९२३ मध्ये त्यांनी सार्नॉफ यांच्या सचिव मॅरियन मॅकिनिस यांच्याशी विवाह केला. लग्नाची भेट म्हणून त्यांनी पत्नीला उचलून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ दिला.

एफएमची कल्पना वेगळी का होती?

तेव्हाचे सारे प्रसारण एएम पद्धतीचे होते. त्यात आवाजानुसार लहरीची उंची कमी-जास्त होते. अडचण अशी, की विजेचा कडकडाट किंवा मोटरची ठिणगीही लहरीच्या उंचीतच ढवळाढवळ करते. त्यामुळे संदेश कोणता आणि खरखर कोणती, हे रेडिओला ओळखता येत नाही. प्रक्षेपकाची ताकद वाढवणे हाच उपाय मानला जाई.

उंचीऐवजी वारंवारता बदलण्याची, म्हणजे एफएमची, कल्पना नवी नव्हती. पण ती वापरणाऱ्यांचा हेतू होता पट्टा अरुंद करण्याचा. पट्टा जितका अरुंद, तितका गोंगाट कमी शिरेल, असा साधा हिशेब होता. एटी अँड टी कंपनीतील गणिती जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले, की एफएमने पट्टा वाचत नाही, उलट विरूपण येते. गणित अचूक होते. त्यामुळे बहुतेकांनी तो विषय बंद केला.

आर्मस्ट्राँग यांनी प्रश्नच उलटा केला. पट्टा अरुंद करण्याऐवजी भरपूर रुंद केला तर? आजच्या एफएम केंद्राची वारंवारता मध्यापासून दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुलते आणि एका केंद्राला सुमारे १८० ते २०० किलोहर्ट्झ जागा लागते. एएम केंद्राचे काम ९ ते १० किलोहर्ट्झमध्ये भागते. ही उधळपट्टी वाटते खरी, पण झुलण्याची मर्यादा दुप्पट केली की ऐकू येणाऱ्या गोंगाटाची शक्ती एक चतुर्थांशावर येते. ताकद न वाढवता जागा खर्च करून शांतता विकत घेता येते, हा त्यांचा खरा शोध. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना त्याची पेटंट मिळाली.

खरखर नेमकी कशी जाते?

एफएम ग्राहकात आर्मस्ट्राँग यांनी ‘लिमिटर’ बसवला. तो लहरीची उंची एका पातळीवर सरसकट कापून टाकतो. माहिती उंचीत नसतेच, ती वारंवारतेत असते. त्यामुळे उंचीवर स्वार झालेली खरखर कापली जाते आणि संदेश शाबूत राहतो.

लहरीचा माथा कापणे हे विरूपणच. मग त्यातून खोटी केंद्रे का उमटत नाहीत? कारण लिमिटर गाळणीच्या नंतर येतो. तिथवर एकच केंद्र उरलेले असते. ते कापल्यावर तयार होणाऱ्या नव्या वारंवारता दुप्पट, तिप्पट अशा दूर पडतात आणि सहज गाळता येतात. आधी गाळायचे, मग कापायचे. क्रम उलटला तर हेच औषध विष ठरते. एफएमलाही सीमा आहे. संदेश गोंगाटाच्या फारच जवळ आला तर तो हळूहळू नव्हे, एकदम कोसळतो.

१९३४ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्या झाल्या. सुमारे १०० किलोमीटरवर लाँग आयलंडच्या वेस्टहॅम्प्टन येथे वादळी हवेतही एफएम स्वच्छ ऐकू येत होते. एएम कडकडाटात बुडाले होते. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्यांनी निबंध वाचला आणि याँकर्समधील मित्राच्या घरून प्रक्षेपण ऐकवले. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद फाडल्याचा आवाज सभागृहात जसाच्या तसा उमटला. असे काही रेडिओवर त्याआधी कोणी ऐकले नव्हते.

मग वाद कशाचा?

एक वाद जुना होता. रिजनरेशनच्या शोधावर डी फॉरेस्ट यांनीही हक्क सांगितला होता. हा खटला वर्षानुवर्षे चालला आणि मे १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूने दिला. तंत्र जाणणाऱ्या अनेकांना तो चुकीचा वाटला. याच शोधासाठी रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने दिलेले पदक परत करायला आर्मस्ट्राँग सभेत गेले. संस्थेने ते परत घेण्यास नकार दिला.

दुसरा वाद एफएमचा. सार्नॉफ यांना खरखर काढून टाकणारे छोटेसे साधन हवे होते. आर्मस्ट्राँग यांनी आणली ती नवी प्रसारण व्यवस्थाच. नवे प्रक्षेपक, नवे रेडिओ संच, नवा पट्टा. आरसीएचा एएममधला पैसा आणि दूरचित्रवाणीवरची आशा, दोन्हींच्या आड ती येत होती. १९३५ मध्ये त्यांना एम्पायर स्टेटवरील सामान हलवायला सांगण्यात आले. तेव्हा त्यांनी न्यू जर्सीतील अल्पाइन येथे स्वतःच्या पैशांनी ४०० फुटांहून उंच मनोरा आणि केंद्र उभारले. तो मनोरा आजही उभा आहे.

१९४० मध्ये अमेरिकी नियामक संस्थेने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. त्याच वर्षी आरसीएने पेटंटसाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीवर स्वामित्वधन देत होत्या; मग आरसीएला सवलत का, म्हणून त्यांनी नकार दिला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्कराला पेटंट विनामूल्य वापरू दिली. इंजिनाच्या ठिणग्यांनी भरलेल्या रणगाड्यांत एफएम संच उपयोगी ठरले. पण १९४५ मध्ये एफएमचा पट्टाच वर, ८८ मेगाहर्ट्झच्या पुढे हलवण्यात आला. वातावरणामुळे दूरच्या केंद्रांचा व्यत्यय टळेल, असे कारण दिले गेले. आर्मस्ट्राँग यांना ते पटले नाही. लोकांकडचे लाखो संच एका निर्णयाने निरुपयोगी झाले.

शेवट कसा झाला?

जुलै १९४८ मध्ये त्यांनी आरसीए आणि तिच्या एनबीसीविरुद्ध दावा लावला. साक्षी, उलटतपासण्या, तारखा यांत वर्षे गेली. १९५० अखेर मुख्य पेटंटची मुदत संपली, स्वामित्वधन आटले. पैसा, प्रकृती आणि मनःशांती तिन्ही खालावले. खटल्याचा ताण संसारात उतरला आणि मॅरियन काही काळ बहिणीकडे राहायला गेल्या. १ फेब्रुवारी १९५४ च्या सकाळी न्यूयॉर्कमधील राहत्या इमारतीत आर्मस्ट्राँग मृतावस्थेत आढळले. त्यांनी आत्महत्या केली होती. वय ६३ होते.

मॅरियन यांनी लढा सोडला नाही. आरसीएने त्याच वर्षी सुमारे दहा लाख डॉलरवर तडजोड केली. बाकीच्या कंपन्यांविरुद्धचे खटले त्या एकेक करून जिंकत गेल्या. मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा खटला १९६७ मध्ये संपला. तोवर आर्मस्ट्राँग यांना जाऊन १३ वर्षे झाली होती.

एसडीआरमध्ये आज तेच प्रश्न कसे?

एसडीआरमध्ये गाळणी, लिमिटर, एफएम उलगडणे ही कामे गणिताने होतात. लहरीची उंची सोडून फक्त तिची कला किती वेगाने बदलते ते मोजले, की आर्मस्ट्राँग यांचा लिमिटर आपोआप झाला. पण अँटेनापासून अंकांपर्यंतचा रस्ता अजूनही विद्युत मंडलांचाच आहे. स्वस्त एसडीआरमध्ये लोकप्रिय असलेली आर८२०टी ही ट्यूनर चिप आजही येणारी लहर मिसळून खालच्या वारंवारतेवर आणते. म्हणजे सुपरहेटरोडाइनच.

त्यानंतर लहरीचे अंक होतात. स्वस्त उपकरणात ८ बिट, म्हणजे फक्त २५६ पायऱ्या असतात. एका बिटने सुमारे ६ डेसिबलचा पल्ला मिळतो. ८ बिटचा पल्ला जेमतेम ५० डेसिबल. संदेश सर्वांत खालच्या पायरीपेक्षा लहान असेल तर तो गोंगाटात हरवतो. सर्वांत वरच्या पायरीपेक्षा मोठा असेल तर त्याचा माथा कापला जातो. इथे मात्र गाळणीच्या आधीच कापाकापी होते आणि त्या क्षणी डझनभर केंद्रे एकत्र असतात.

समजा, ९४ आणि ९८ मेगाहर्ट्झवर जवळची दोन दमदार एफएम केंद्रे आहेत. वर्धक अरेषीय झाला की ९४ च्या दुपटीतून ९८ वजा जाऊन ९० वर आणि ९८ च्या दुपटीतून ९४ वजा जाऊन १०२ वर भुताटकी केंद्रे उमटतात. ती एकदा अंकांत उतरली की सॉफ्टवेअरला खऱ्याखोट्यातला फरक कळत नाही. सॉफ्टवेअर कितीही हुशार असले तरी दारातच बिघडलेला संदेश त्याला पूर्ववत करता येत नाही.

वापरणाऱ्याने काय करावे?

शंका आली की गेन थोडा कमी करून पाहावा. गेन १ डेसिबलने उतरवला तर खरे केंद्र १ डेसिबलने उतरते. अशा प्रकारचे खोटे केंद्र सुमारे ३ डेसिबलने. म्हणजे ते झपाट्याने नाहीसे होते. गेन शून्यावर नेणेही बरोबर नाही, कारण मग पायऱ्यांचा आणि मंडलाचा स्वतःचा गोंगाट वरचढ ठरतो. अँटेना जोडल्यावर पडद्यावरची तळरेषा किंचित वर सरकावी, इतपत गेन पुरेसा. आणि एफएम सोडून दुसरेच काही ऐकायचे असेल, तर अँटेनाजवळ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारी छोटी गाळणी लावावी. आधी गाळायचे, हा नियम बदललेला नाही.

भारतातही एफएम याच ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. एसडीआर जोडल्यावर बहुतेक जण सर्वप्रथम पकडतात ते एफएम केंद्र. आणि शहरात त्या उपकरणाला सर्वाधिक त्रास देतात तीही एफएमचीच केंद्रे. आर्मस्ट्राँग यांच्या हयातीत ज्या एफएमला जागा मिळवण्यासाठी झगडावे लागले, ते आज इतके दमदार आहे, की त्यालाच गाळून बाजूला ठेवावे लागते.